लाखेचा खुंटा

राखीपौर्णिमेला रणजीत बहिणीच्या दारात उभा राहिला तो खांद्याला बंदूक लावून. जुईनगरातल्या त्या इमारतीत सगळी माथाड्यांची बिऱ्हाडं. बंदूक बघून जिन्यातली पोरं पांगली, आणि शेजारची पुतळा पिठाचे हात तसेच घेऊन गॅलरीत आली.

"अगं बया! सत्यभामे, तुजा भाऊ राखी बांदाय आलाय का दरोडा घालाय?"

सत्यभामा पोट धरून हसली. त्या दिवशी तिला कशाचंही हसू येत होतं. रणजीत तिचा पाठचा भाऊ. फौजेतून हवालदार होऊन सुटला आणि वाशीत एका इमारतीच्या तळघरात त्याने नेमबाजीचा क्लब काढला. सत्यभामेची लेक उत्कर्षा कॉलेज करून तिथे शिकायला जायची. अजून वर्षही झालं नव्हतं. क्लबच्या रायफली पाळीपाळीने वापरायच्या, पण दिवाळीच्या तोंडावर जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि तिथे ज्याने त्याने आपली रायफल आणायची होती. जिल्ह्यातून राज्य, आणि राज्याचं प्रमाणपत्र मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागा. पोरीच्या डोळ्यांत खाकी कपडे होते, आणि आईच्याही.

आता ही रायफल काही आभाळातून पडली नव्हती. आषाढात सत्यभामा गावी जाऊन हक्कसोडावर सही करून आली होती. मेढ्याच्या अंगाला बापाची डोंगरउताराची जमीन, तिच्या कडेने आता डांबरी रस्ता झालेला. बहिणीने वाटा मागितला की माहेरची वाट बंद होते, हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. नवऱ्याने, भैरूने, एवढंच विचारलं होतं, "वाचून सही केलीस न्हवं?" त्यावर ती उखडली होती. "भावाच्या कागदात काय वाचायचं असतंय?" रणजीतच म्हणाला होता, "आक्का, रिकाम्या हातानं पाटवणार न्हाय तुला. माग काय ते." तिने पोरीसाठी रायफल मागितली. स्वतःसाठी तिने जन्मात काही मागितलं नव्हतं, ते आता कुठलं मागणार!

रायफल जुनी होती. हवेवर चालणारी, खालचा दांडा ओढून हवा भरायची आणि शिशाचा छर्रा घालायचा. पण दस्त्याचं लाकूड कसं तुकतुकीत, नव्या पाटासारखं.

"जुनं ते सोनं," रणजीत म्हणाला. "माज्या हातची हाय. हिनं मी मेडल काढल्यात."

जेवताना नेहमीची गोष्ट निघाली. लहानपणी रणजीतने जात्याचा खुंटा मोडला होता. मोडला तर मोडला, बेट्याने तो लाखेने चिकटवला, वर काजळी आणि तेल चोळलं आणि साळसूदासारखा जात्यात बसवून ठेवला. पहाटे सत्यभामा दळायला बसली, आणि दोन फेऱ्यांत खुंटा तिच्या हातात आला. बापाने तिला चिंचेच्या फोकाने सोलून काढली. हा दाराआड उभा राहून बघत होता.

"आणि मामा, तुम्ही बोललाच नाही?" उत्कर्षाने विचारलं.

"बोलून मार खाऊ व्हय?" रणजीत म्हणाला, आणि सगळे हसले. सर्वांत मोठ्याने सत्यभामाच हसली. मार खाल्लेल्याने हसलं की गोष्ट गोड होते.

भादव्यात पहिली तक्रार आली. उत्कर्षा टार्गेटचे कागद घरी आणून जमिनीवर मांडायची आणि त्यांच्याकडे बघत बसायची. पहिले चार-पाच छर्रे कसे मधोमध, एकमेकांना चिकटून. मग पुढचे उजवीकडे घसरत, खाली, कुठल्या कुठे. क्लबच्या रायफलीने असं व्हायचं नाही. एकदा तिने भीत भीत मामाला विचारलं, रायफलीतच काही असेल का म्हणून.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मामा सर्वांदेखत म्हणाला. "पहिलं पाच नीट जात्यात न्हवं? मग रायफल बिगडली कुटं? तुजा दम सुटतोय, पोरी. ओझं उचलनाऱ्या घरातला हात हाय तुजा, जड हाय. ह्याला नाजूक हात लागतो."

पोरीने ते घरी येऊन सांगितलं आणि आपला हात उलटसुलट करून बघितला. भैरू तेव्हा मानेला तेल चोळून घेत होता. तीस वर्षं कांद्याच्या गोण्या पेलून मानेवर घट्ट्यांची गादी झालेली. त्याने सत्यभामेचा तेल चोळणारा हात थांबवला, आणि उठून गॅलरीत गेला.

सत्यभामेला भावाचं बोलणं लागलं, पण तिने ते गिळलं. शिकवणारा माणूस कडू बोलतोच, असं तिने मनाला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी पहाटे उठून पाण्याची भरलेली बाटली हातात धरून, हात लांब करून उभी राहू लागली. दंड थरथरेपर्यंत उभी राहायची.

आश्विन लागला. उन्हाळी कांद्याची शेवटची आवक म्हणजे निवडणाऱ्या बायांची परीक्षा. गावाकडच्या कांदाचाळीत महिनोन्महिने पडून आलेला कांदा, वरून गुलाबी आणि आतून पाणी. सत्यभामा मार्केटात गाळ्यावर बसून दिवसभर तेच करायची. कांदा घ्यायचा, मानेशी अंगठा दाबायचा, मऊ लागला की बाजूला. उकाड्याने जीव नकोसा, पाठीला सालपटं चिकटलेली, आणि संध्याकाळी अंगाचा वास स्वतःलाच सहन व्हायचा नाही.

खंडेनवमीला तिने घरातली हत्यारं पुजली. भैरूचा गोणी ओढायचा आकडा, तिची विळी, कोयता, आणि त्यांच्या मध्यभागी पाटावर रायफल. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि गावाकडे पूजेनंतर हत्याराला तेल लावतात, तसं खोबरेल तिने रायफलीलाही लावलं. बाहेरून लावलं, आणि गंज धरू नये म्हणून पळीभर नळीतही सोडलं. हात जोडून म्हणाली, "माज्या लेकीला यस दे, बाई."

दसऱ्यानंतर उत्कर्षाने क्लबमध्ये रायफल उडवली, तो फटाक्यासारखा आवाज झाला. नळीतून निळा धूर आला आणि तळघरभर तळलेल्या खोबऱ्याचा वास सुटला. सत्यभामा नेमकी मार्केटातून डबा घेऊन तिथे आली होती. भिंतीशी चप्पल काढून उभी होती.

"कुनी तेल घाटलं ह्यात?" रणजीत ओरडला.

"मी," ती म्हणाली. "खंडेनवमीला."

"अगं आक्का, ही काय विळी हाय का? हवेवरची रायफल ही! तेल पेटतं आत. वाट लावलीस तू!" मग तो बाकीच्या पोरांकडे वळला, आणि त्यातली बरीच पोरं फ्लॅटवाल्यांची होती. "हे असं अस्तं बगा. द्यावं आनि वर ह्यांनी पूजा घालावी."

पोरं हसली. सत्यभामेने डबा खाली ठेवला आणि पायाने चप्पल शोधू लागली, ती सापडेना. त्यानंतर जे काही चुकत होतं त्याचं खापर तेलावर फुटलं. छर्रा बाजूला गेला की रणजीत म्हणायचा, "आईला इचार." आणि ह्याहून वाईट म्हणजे, सत्यभामेलाही ते खरं वाटलं. कांदे निवडता निवडता तिचे डोळे भरायचे, आणि कांद्याच्या गाळ्यावर रडणाऱ्या बाईला कुणी कारण विचारत नाही.

मग घरात रायफलीची सेवा सुरू झाली. भैरूने परकराच्या नाडीला चिंधी बांधली आणि नळीतून ओढली, पुन्हा ओढली, चिंधी कोरडी पांढरी बाहेर येईपर्यंत ओढत राहिला. उत्कर्षाने दुसऱ्या जातीचे छर्रे आणून बघितले. नेम धरायची पुढची माशी हलतेय का ते बघितलं, ती घट्ट होती. दस्त्याचे स्क्रू मात्र सैल झालेले सापडले. ते पिळले, आणि त्या दिवशी पहिले सहा-सात छर्रे काळ्या ठिपक्यातच गेले. पोरगी आनंदाने ओरडली, "आई, झालं बघ, टेन्शन संपलं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामाला स्क्रूचं सांगितलं, तर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "स्क्रूला हात लावू नको. उगं खोलाखोली करायची न्हाय, सांगून ठेवतो."

निवडीच्या दिवशी सत्यभामेने खाडा केला. काचेमागच्या बाकावर बसून ती पोरीची पाठ बघत होती. सुरुवातीला परीक्षक दोनदा उत्कर्षाच्या कागदापाशी थांबले. मग थांबायचे बंद झाले. पोरीने श्वास बदलून पाहिला, पाय बदलून पाहिले, घाम पुसला, डोळे मिटून उघडले. प्रत्येक वाईट छर्र्यानंतर ती रायफलीकडे बघत नव्हती, स्वतःच्या हाताकडे बघत होती. ते काही सत्यभामेला बघवेना.

यादीत नाव नव्हतं. रणजीतने भाचीच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. समद्यांलाच जमतं असं न्हाय. तुजं डोकं हाय, तू आपली बँकेची परीक्षा दे."

घरी येऊन उत्कर्षाने रायफल जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि कॉटखाली सरकवली. "आई, मी आता परत क्लबला जाणार नाही. माझ्यातच नाहीय ते. मामा उगाच इतके दिवस माझ्यावर मेहनत घेत होता." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पाडव्याला मार्केट बंद होतं. सकाळी सत्यभामेने भैरूला ओवाळलं, त्याने लाडू तोंडात टाकला आणि कॉटखाली वाकला. रायफल काढून काखेत मारली.

"चला," तो म्हणाला. "गाळ्याची किल्ली मागून आनलीया मी शेटकडनं."

"पप्पा, नको ना. आता काय उपयोग?"

"उत्कर्षे, हातगाडी एका अंगाला वडाय लागली तर आमी काय करतो? आदी मानूस बदलतो. मानूस बदलून बी वडली, तर मग चाकाला हात घालतो. तुज्या मामानं मानसालाच शिव्या घाटल्या, मानूस कुटं बदलला?"

गाळ्यात कांद्याचा उग्र वास होता, माणूस एक नाही. भैरूने मागच्या भिंतीशी बटाट्याच्या गोण्यांची थप्पी लावली, तिच्यावर कागद टाचला. दहा मीटर उत्कर्षाने पावलांनी मोजले. पुढे अर्धं भरलेलं पोतं आडवं टाकलं आणि त्यात खळगा करून रायफल टेकवली, म्हणजे हाताचा कंप मध्ये यायला नको. प्रत्येकाच्या पाळीआधी स्क्रू पिळून घ्यायचे ठरलं.

पहिली उत्कर्षा. पाच छर्रे एका रुपयाखाली झाकतील असे. मग सहावा उजवीकडे, सातवा आणखी, दहावा कागदाच्या कडेला.

"आता मी," भैरू म्हणाला. त्याने जन्मात बंदूक धरली नव्हती. पोरीने दांडा ओढून दिला, माशी कुठे धरायची ते दाखवलं. त्याचे छर्रे पोरीइतके चिकटून नव्हते, पण पहिले पाच-सहा मधल्या भागात होते. पुढचे उजवीकडे, खाली.

"सत्यभामा, बस."

"मी? माजं डोळं नीट हायत का!"

"बस."

ती पदर खोचून पोत्यामागे पालथी पडली. छातीखाली कांद्याची सालं कुरकुरली. चाप ओढताना ती प्रत्येक वेळी डोळे मिटत होती, तरी कागदावर तेच उमटलं. सुरुवातीला मध्ये, मग उजवीकडे, खाली. उत्कर्षाने तिन्ही कागद शेजारी शेजारी धरले. तीन माणसं, त्यातली दोन अडाणी, आणि तिघांचेही छर्रे एकाच वाटेने पळालेले.

"मी दमत नव्हते," ती हळूच म्हणाली. "रायफल दमते."

"अंगनच वाकडं हाय," भैरू म्हणाला.

त्याने स्क्रू पूर्ण काढले आणि नळी दस्त्यातून उचलली. आत स्क्रूच्या भोकांपाशी लाकूड काळसर दिसत होतं. सत्यभामेने दस्ता मांडीवर घेतला. तिचा अंगठा सवयीने लाकडावरून फिरला, दाबत, चाचपत. एका जागी तो अडखळला. तिथे लाकडाचा स्पर्श नव्हता, काहीतरी गुळगुळीत, थंड लागत होतं. तिने नख लावलं. वरचं तपकिरी बुटांचं पॉलिश नखात आलं आणि खाली राखाडी एम-सील दिसलं, आपण नळाची गळती बुजवतो ते. तिने ते उकरलं. त्याखाली चीर निघाली, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत, पार आरपार. भैरूने दोन्ही हातांनी हलकेच वाकवलं तर दस्ता तोंड उघडल्यासारखा फाकला. स्क्रू कितीही पिळा, चार छर्र्यांच्या दणक्यात सगळं पुन्हा हलणारच होतं.

"मामाला माहीत नसेल," उत्कर्षा म्हणाली. "कुणी दुसऱ्यानेच भरलं असेल, आई. आधीच्या मालकाने."

सत्यभामा नखातल्या पॉलिशकडे बघत होती. लाखेवर काजळी, एम-सीलवर पॉलिश. माज्या हातची हाय, असं तो स्वतःच म्हणाला होता. तिला जात्यासमोर बसलेली ती पोर आठवली, हातात आलेला खुंटा आणि पाठीवर पडलेला पहिला फोक, आणि दाराआडचे ते दोन डोळे. एवढी वर्षं त्या गोष्टीला ती हसत होती. तिला त्या हसण्याची शिसारी आली.

"त्याला ठावं हुतं," ती म्हणाली.

उत्कर्षा तिथेच गोणीवर बसली आणि आता रडली. निवड गेली म्हणून नाही. "इतके दिवस तो माझ्या मागे उभा राहून बघत होता, आई. मी हाताचा घाम पुसून पुसून नेम धरायचे. त्याने एकदा तरी सांगायचं होतं."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दिवस कलताना रणजीत आला. नवी टोपी, हातात साडीची पिशवी, मिठाईचा खोका. सत्यभामेने पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती, तबकात निरांजन, सुपारी, करदोडा सगळं तयार होतं. तो पाटावर बसला आणि डोक्यावर टोपी सारखी केली. तेव्हा तिने कॉटवरून दस्ता उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, चीर वर करून.

रणजीतने बघितलं. वर मात्र बघितलं नाही.

"हे कुनी खोललं?"

"मी. उत्कर्षेला सांग तिचा हात वाईट न्हवता म्हनून. दुसरं काय मागत न्हाय. तुजी साडी नको, वाटा बी नको. तिच्या तोंडाकडं बगून एवडं सांग, आनि मी तुला ओवाळते."

भैरू दारात उभा होता. उत्कर्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. रणजीतने दस्ता मांडीवरून बाजूला सारला.

"आक्का, सनासुदीचं हे काय काडलंस? पडली हुती एकदा गाडीवरनं, जरा चीर गेली, बुजवली मी. चालली असती की चांगली." आणि मग, अगदी सहज, जणू त्याला तेच खरं वाटत होतं, तो म्हणाला, "तूच तेल घाटलंस न्हवं का त्यात?"

सत्यभामेला वाटलं होतं तिला राग येईल. पण राग आलाच नाही. आत काहीतरी इतकं स्वच्छ तुटलं की तिला क्षणभर हलकंच वाटलं. माहेर म्हणून ती जिकडे तोंड करून आजवर जगली, तिकडे कुणी नव्हतंच. दाराआड उभा राहिलेला एक पोरगा होता आणि तो अजून तिथेच उभा होता.

ती उठली. तबक उचललं. रणजीतने सवयीने कपाळ पुढे केलं आणि डोळे मिटले.

ती त्याच्या शेजारून गेली आणि गॅलरीत आली. शेजारच्या गॅलरीत पुतळा पणत्या लावत होती, तिने सत्यभामेचा चेहरा बघितला आणि हातातली काडी विझवली. पश्चिमेला, पामबीच रस्त्याकडच्या उंच इमारतींच्या मधल्या फटीत, बीजेची कोर होती. नखाएवढी, आता बुडेल मग बुडेल अशी. सत्यभामेने तिच्याकडे तोंड केलं, तबक उचललं आणि ओवाळायला लागली.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. हे पुतळेला माहीत होतं, खालच्या अंगणातल्या बायांना माहीत होतं, आणि आत पाटावर बसलेल्या रणजीतलाही माहीत होतं.

"आक्का," तो आतून म्हणाला. "आक्का, आगं मी हाय की हितं."

सत्यभामेने अक्षता टाकल्या. उत्कर्षा येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. वारा होता, म्हणून तिने निरांजनाभोवती आपला हात धरला. ज्योत हलली, पण तो हात हलला नाही.